तिसऱ्या ओळीतली शेवटची झडप

"फोनवरची चुगली तिचंच काम असन," खिडकीबाहेर एक लाइनमन म्हणाला. "तिच्या लोकायच्या पोटात काही राह्यते का?"

दुसरा चहा फुंकत हसला. "मंग मशीन आनून बसवा म्हना. मशीनले तोंड नसते."

मी आत बोर्डासमोर बसले होते. हेडसेट एका कानावर होता, दुसरा कान मोकळा. 'ती' म्हणजे कोण, हे मला विचारावं लागलं नाही. आमच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये दिवसपाळीला दोनच मुली होत्या, एक मी आणि एक ती. दोघी एकाच महिन्यात लागलो होतो आणि दोघीही अजून कायम झालो नव्हतो. ती दोन वर्षांची असताना तिच्या आजोबांनी मेडशीच्या घरात बुद्धाची मूर्ती आणली होती. त्याला वीस वर्षं होत आली होती. लाइनमनच्या बोलण्यात मात्र ते लोक अजून 'तिचे लोक'च होते.

तेवढ्यात पहिल्या ओळीतली एक झडप खट्कन पडली. वाशीममध्ये कुणी फोनचं हँडल फिरवलं की आमच्या बोर्डावर त्याच्या नंबरची पत्र्याची चिमुकली झडप पडायची. मी वायरची पिन त्या भोकात खुपसली.

"नंबर प्लीज."

"ओ बाई, डॉक्टरले लावून द्या ना."

"डॉक्टर दवाखान्यात नाहीत. स्टेशनकडे पेशंट बघायला गेलेत. तासाभराने करा."

"बरं बरं."

आमच्याकडे असंच चालायचं. नंबरांची यादी खिळ्याला टांगलेली होती, पण ती परगावच्या माणसांसाठी. गावातला माणूस नंबर सांगत नसे. तो वकिलाकडे लाव म्हणायचा, कापसाच्या जिनावर लाव म्हणायचा, आणि आम्ही लावायचो. वकील कोर्टात असला तर कोर्टात आहे म्हणून सांगायचो. कोण कुठे आहे आणि कुणाशी बोलतंय हे बोर्डावर बसणारीला दिसतच असतं. ते सांगून लोकांची खेप वाचवणं हा आमच्या कामाचाच भाग होता. लोक त्याला चांगली सर्व्हिस म्हणायचे.

माझं शिक्षण नागपूरला, कॉन्व्हेंटमध्ये झालेलं. वडिलांची बदली वाशीमला झाली आणि मी मागोमाग आले. गावातली बोली मला समजायची, पण बोलता यायची नाही. बाजारात मी बोटाने दाखवून भाजी घ्यायची. बोर्डावरची नोकरी मला बरी वाटली, कारण तिथे कुणाला चेहरा दिसत नाही आणि वाक्यं ठरलेली असतात. नंबर प्लीज. लाइन चालू आहे. तीन मिनिटं झाली.

कामावर लागताना एका कागदावर सही घेतली होती. दुसऱ्याचं बोलणं ऐकणार नाही, ऐकलेलं सांगणार नाही. मी ते फार मनावर घेतलं होतं. लाइन जोडली की मी बोर्डावरची खटकी लगेच वर करायची. ती खाली राहिली तर दोन्हीकडचं ऐकू येतं. माझी सोबतीण कधीकधी जरा उशिरा करायची. "आयकलं तरी काय समजते वं," ती म्हणायची, "सारे कापसाचेच भाव सांगून राह्यले." आणि मला चिडवायची, "तू काय, कॉन्व्हेंटवाली. तुले तं देवबी विश्वासानं फोन करन."

तिसऱ्या ओळीतली शेवटची झडप एका कापडदुकानाची होती. दुकान खाली, घर वर, फोन जिन्याजवळ. दर गुरुवारी साडेबाराला कारंज्याहून तिथे ट्रंककॉल यायचा. त्या वेळी शेठजी मार्केटमध्ये अडत्याकडे बसलेले असत. फोन त्यांची सून घ्यायची. मी फक्त "कारंजा आहे, बोला" म्हणायची आणि ती हळूच "हां, द्या" म्हणायची. तिचा चेहरा मी एकदाच पाहिला होता, दुकानाच्या मागच्या दाराशी. पांढरी साडी, माझ्याच वयाची. आवाज मात्र मी कुठेही ओळखला असता. ती काय बोलते हे मला माहीत नव्हतं. मी ऐकत नव्हते.

एका गुरुवारी माझी सोबतीण सकाळी आली, हजेरीच्या रजिस्टरात सही केली आणि दहाच्या एस.टी.ने मेडशीला गेली. तिला पाहायला पाहुणे येणार होते. त्या आठवड्यात माझी पाळी दोनची होती, पण तिच्या जागी मी दहापासून बसले. आमच्या हेडसाहेबांनीच पूर्वी सांगून ठेवलं होतं, "आपसात पाहून घेत जा, कागदं नका नाचवू." म्हणून कागदावर त्या दुपारी ती होती आणि खुर्चीवर मी.

साडेबाराला कारंजा आला. मी जोडून दिला, खटकी वर केली. पाच-सहा मिनिटांनी अडत्याची झडप पडली.

"बेटा, घरी लाव ना जरा." शेठजी मला नेहमी बेटा म्हणायचे.

"शेठजी, लाइन चालू आहे. कारंज्याचा ट्रंक आहे."

"कारंज्याचा? कोणाले आला?"

"घरी कुणीतरी बोलतंय."

ते "बरं," म्हणाले आणि फोन ठेवला.

मी खाकी वहीत वेळ लिहिली. थोड्या वेळाने तीन मिनिटांचा तिसरा हप्ता संपला म्हणून खटकी खाली केली, तर कारंज्याचा माणूस एकटाच "हॅलो, हॅलो" करत होता. "कट झालं का? परत लावू?" मी विचारलं. त्याने फोन ठेवला. मी पिन काढली, डबा उघडला आणि पोळी खाल्ली.

दहा-बारा दिवसांनी तक्रार आली. कारंज्याचा तो माणूस वकील होता आणि त्या सुनेचा भाऊ. हेडसाहेबांनी टेबलाशी उभं राहून अर्ज मोठ्याने वाचला. बहिणीला शिक्षिकेच्या ट्रेनिंगला घालायचं ठरलं होतं. तिला येणारी पत्रं घरात फोडली जातात, म्हणून दोघांनी फोनचा रस्ता धरला. गुरुवारी मुलाखतीचा दिवस आणि गाडीची वेळ तो तिला सांगत असतानाच सासरे येऊन उभे राहिले. मुलाखत गेली. आता फोन लाकडी खोक्यात कुलूप लावून ठेवलाय. सासऱ्याला ही बातमी एक्स्चेंजमधून गेली, म्हणजे तिथे बोलणं ऐकलं जातं आणि पोचवलं जातं. अर्जाच्या शेवटी त्याने एकच मागणी केली होती, त्या ऑपरेटरला काढावं.

हेडसाहेबांनी रजिस्टर उघडलं, त्या तारखेवर बोट ठेवलं आणि माझ्या सोबतिणीकडे पाहिलं. आपसात पाहून घ्या म्हणून कुणी सांगितलं होतं, ते त्यांनी काढलं नाही. तिने माझ्याकडे पाहिलं. मी पिनांच्या वायरी सरळ करत होते.

मी ऐकलं नव्हतं. हे वाक्य मी त्या आठवड्यात किती वेळा मनात म्हटलं असेल. आणि ते खरंच होतं. ते बोलणं काय होतं हे मला अर्जातूनच कळलं. पण शेठजींना ते बोलणं कळायची गरजच नव्हती. कुठल्या गावचा फोन आणि कुठल्या वेळी, एवढं त्यांना पुरलं. तेवढं मी दिलं, तेही मदत म्हणून. खटकी वर ठेवण्यातच सगळं गुपित सांभाळलं जातं असं मी धरून बसले होते.

मला रडू आलं नाही. भीतीही वाटली नाही नीट. जेवण जात होतं, झोप लागत होती. फक्त हेडसेट काढल्यावर कानावर राहणारा वळ बोटाने चाचपला तर तो दुसऱ्याच्या कानाला असावा असं वाटायचं. घरी वडिलांनी विचारलं, "ऑफिस कसं चाललंय?" मी म्हटलं, "फाइन." घरी आम्ही अशा गोष्टींची उत्तरं इंग्रजीत द्यायचो. त्यात फारसं काही सांगावं लागत नसे.

गुरुवारी साडेबाराला मी तिसऱ्या ओळीकडे पाहत बसायची. कारंज्याहून काही यायचं नाही. दुकानाचा फोन हवा असला की शेठजी स्वतः हँडल फिरवायचे. त्यांचा आवाज पूर्वीसारखाच होता. "बेटा, जिनावर लाव." मी लावून द्यायची.

मोठे साहेब अकोल्याहून चौकशीला येणार, त्याच्या आदल्या दिवशी ती पायऱ्यांवर माझ्याजवळ येऊन बसली. तिच्या हातात खारे दाणे होते. तिने अर्धे माझ्या ओंजळीत घातले.

"पाव्हने होकार देऊन गेले," ती म्हणाली. "पन नवऱ्या मुलाच्या बापाले हे सांगतलं कोनीतरी. आता थांबून राह्यले ते. चौकशीत काय होते ते पाहून राह्यले."

मी दाणे मुठीत धरले.

"मी तिथं नव्हती, हे मी सांगू शकते उद्या," ती म्हणाली. "सही करून गेली म्हनून मेमो भेटन. भेटला तं भेटला. पन माया सांगन्यावर कोन विश्वास ठेवन? म्हनतीन, सापडली म्हनून खोटं बोलून राह्यली. आन् चुगलीचा डाग घेऊन मी घरी जाऊ शकत नाई." ती थांबली. "तू काहून बोलत नाई वं? मले रागबी नाई येऊन राह्यला तुया. फक्त काहून, ते सांग."

मी म्हटलं, "आय डोन्ट नो." ती हात झटकून उठली. "हं. हे तं मलेबी समजलं," ती म्हणाली आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी साहेबांसाठी हेडसाहेबांची खुर्ची मोकळी केली होती. त्यांच्यासमोर रजिस्टर आणि तो अर्ज होता. ते थकलेले दिसत होते. ऑटोमॅटिक एक्स्चेंज आलं की ही कटकट संपेल, असं ते दोनदा म्हणाले. मशीनला कोण कुणाशी बोलतं हे कळणार नाही का, हा प्रश्न माझ्या मनात आला आणि तिथेच राहिला.

आधी तिला बोलावलं. ती म्हणाली, "मी त्या दिवशी बोर्डावर नव्हती, साहेब."

"सही कोणाची आहे?"

"मायीच आहे."

"मग?"

माझं नाव तिने घेतलं नाही. हेडसाहेब कपाटाकडे पाहत होते. खिडकीबाहेर लाइनमन उभे होते, आज त्यांच्या हातात चहा नव्हता. साहेबांनी पेनचं टोपण काढलं आणि कागद पुढे ओढला.

हे चालू असताना बोर्डावर मी होते. तिसऱ्या ओळीतली शेवटची झडप पडली. मी पिन घातली. शेठजी होते, घाईत. "बेटा, अडत्याकडे लाव." अडत्याची लाइन बाजारातल्या दुसऱ्या दुकानाशी चालू होती. कुणाशी, ते मला समोर दिसत होतं. माझं तोंड सवयीने उघडलं.

"लाइन चालू आहे," मी म्हटलं.

"कोनाशी?"

"ते सांगता येत नाही, शेठजी."

पलीकडे ते काहीतरी बोलले. मी पिन काढली, हेडसेट उतरवून हुकाला टांगला आणि उठले. बोर्ड असा सोडून उठायचं नसतं. मी इंग्रजीत वाक्य जुळवून ठेवलं होतं, चार दिवसांपासून, नीट. टेबलापर्यंत सहा-सात पावलं होती. तेवढ्यात ते वाक्य मला सापडेना. साहेबांनी वर पाहिलं. माझा आवाज कुणा दुसरीचा असावा तसा आला, पण खिडकीपर्यंत गेला असणार.

"साहेब, त्या गुरुवारी हिच्या जागी मी बसले होते. कारंज्याचा फोन चालू आहे हे शेठजींना मीच सांगितलं."