सिनेटरच्या चालीचा माणूस

मस्कतजवळ रुसैलच्या औद्योगिक वसाहतीत ॲल्युमिनियमच्या खिडक्या करणाऱ्या एका कारखान्यात मी काही वर्षं होतो. त्याआधी मुंबईत दैनिकात बातम्या लिहिल्या होत्या, म्हणून कंपनीची पत्रकं माझ्याकडे असत. एकदा कळलं, अमेरिकेचे एक सिनेटर कारखाना पाहायला येणार. त्यांचं चरित्र एका पानात बसवायचं काम मला मिळालं.

वडिलांचं लाकडाचं दुकान, लहान गावात वकिली, पहिल्या निवडणुकीत पराभव, त्यानंतर एकदाही नाही. सभागृहात चाळीस वर्षं. वय ऐंशीच्या पुढे. उजवा गुडघा दुखतो, काठी वापरतात.

व्यवस्थापकांनी फक्त शेवटचं वाक्य दोनदा वाचलं. फाटकापासून चहाच्या टेबलापर्यंत वीस मिनिटं मंजूर होती. तालमीसाठी त्याच चालीचा माणूस हवा होता. आमचे स्टोअरकीपर गुहागरकडचे, साठीला टेकलेले, उजव्या गुडघ्यावर हात ठेवून चालत. ते बरोबर विसाव्या मिनिटाला टेबलाशी पोचले. त्यांना काठी देण्यात आली.

भेट तीनदा पुढे गेली. दर वेळी तिकडे मतदान निघे आणि इकडे पुन्हा तालीम होई. वेल्डर त्यांना वाटेत अडवत. "सिनेटरकाका, आमच्या खोलीच्या एसीचं बघा की!"

"समितीपुढे ठेवतो," काका म्हणत.

त्यांच्या मुलीचं लग्न पंधरा दिवसांवर आलं होतं. तीन वर्षं ते घरी गेले नव्हते. रजेचा अर्ज परत आला. त्यावर लिहिलं होतं: भेट होईपर्यंत सिनेटरना रजा देता येत नाही.

"काय ओ," ते मला म्हणाले, "तो बाबा चाळीस वर्षं सभागृहात बसला. मला चार दिवस मांडवात उभं राहायला मिळू नये?"

चौथ्या तालमीत व्यवस्थापक स्टोअरच्या दाराशी नेहमीप्रमाणे हसून म्हणाले, "एनी क्वेश्चन, सर?"

काका काठीवर रेलले. "आपका स्टोअरकीपर तीन साल से घर नहीं गया. क्यों?"

व्यवस्थापकांना हसत उत्तर द्यायची सवय झाली होती. "सर, परसों जा रहा है."

माझं काम प्रश्नोत्तरं टिपण्याचं होतं. मी तेही टिपलं. संध्याकाळी कागद सहीसाठी अर्बाबकडे, म्हणजे कारखान्याच्या ओमानी मालकांकडे गेला. पाहुण्यांना दिलेलं उत्तर खोटं निघता कामा नये, असा त्यांचा नियम होता. त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं आणि हे खरं आहे का, एवढंच विचारलं. व्यवस्थापक माझ्याकडे बघत "येस" म्हणाले.

"खलास," अर्बाब म्हणाले आणि सही केली. सकाळी तिकीट आलं.

सिनेटर आले ते नेमके लग्नाच्या दिवशी. दुपारी काकांचा फोन आला. मागे भांड्यांचा आणि बायकांचा गलका होता.

"काय विचारलं त्यानं?"

"काहीच नाही. नऊ मिनिटांत टेबलाशी. चहा उकळलाही नव्हता. काठीसुद्धा नव्हती."

"मग गुडघा?"

"बरा झालाय म्हणे."

काका आवाज खाली आणून म्हणाले, "माझाही बराच बरा आहे ओ. सकाळपासून उभा आहे. पण ऑफिसात बोलू नका."