शेवाळवाली

शेवाळवाली सकाळपासून माझ्या विहिरीच्या काठाशी ओणवी असायची. २००४ साली ती नागपूरच्या कॉलेजातून देवरीजवळच्या आमच्या गावात आली आणि पावसाळाभर माझ्या ओसरीवर राहिली. "काऊन वो बाई, काय पडलं विहिरीत?" शेजारीण विचारायची. "माझी पदवी," ती म्हणायची.

मी चौथी शिकलेली. तिने मला शेवाळाची घराणी शिकवली. पाण्यातून जमिनीवर पहिली हीच आली. आंबा, मोह, धान सगळे मागाहून. "मावशी, ह्यांच्यापुढे आपण कालचे पाहुणे." विहिरीच्या ओल्या दगडांवर एक जात होती, तिच्यातून सुईसारखी हिरवी शिंगं निघत. तिच्या कॉलेजातल्या मोठ्या सरांच्या मते ती चपट्या शेवाळाच्याच घरातली. शेवाळवाली म्हणे, घर वेगळं. चपट्याचं बोंड एकदा फुटलं की संपलं. हिचं शिंग बुडातून वाढतच राहतं. ती बुडाशी शाईचा ठिपका द्यायची, आठवड्याने तो वर सरकलेला दिसे. सर म्हणाले, डोळ्यांनी पाहीन तेव्हाच मानीन. तिच्या शिष्यवृत्तीचं ते शेवटचं वर्ष.

सर यायचे त्या दिवशी ती त्यांना आणायला देवरीच्या स्टँडवर गेली. मोठा माणूस येणार, पाण्याची जागा घाण कशी दिसावी? मी काथ्याने विहीर खसाखसा घासली आणि चुना मारला. पुड्यांत वाळवलेलं शेवाळ तिच्याजवळ होतंच, सर तेच पाहतील असं वाटलं. वाळलेलं शिंग वाढत नाही, एवढी अक्कल मला नव्हती.

"कुठंय?" सरांनी विचारलं. पांढरी विहीर पाहून तिचा चेहरा उतरला. मी तोंड उघडणार तोच तिने माझं मनगट दाबलं. "वाळलं सर. पाऊस लवकर गेला, मग विहिरीला चुना मारून घेतला."

"वाळलं, का नव्हतंच?" सर हसले. माझ्या घरचा भात जेवून गेले.

तिला पदवी मिळाली. त्यासाठी शिंगवालीला तिने स्वतःच्या हाताने चपट्यांच्या घरात लिहिलं. जाताना मी म्हटलं, "बाई, दोन शिव्या तरी दे वो." म्हणाली, "राहू द्या मावशी, तुम्ही चांगल्यासाठीच केलं."

पुन्हा कधी आली नाही. कुठल्याशा खाजगी शाळेत शिकवते, एवढं कानावर आलं. नातीच्या पुस्तकात आता शिंगवालीचं घर वेगळं छापलंय. छापणाऱ्यांना माझी विहीर लागली नाही.

तिने त्या दिवशी मला शिव्या घातल्या असत्या, तर पुढच्या पावसाळ्यात ती परत आली असती. ज्याच्यावर माणूस ओरडतो, त्याच्या दारी तो पुन्हा येतो. मला तिने माफ केलं.