ओढ्याच्या दरडीतलं घुबड

दिवाळी ते होळी, दर रविवारी सकाळी मी बजाजनगरातल्या लोकांना पाखरं दाखवायला नेतो. आमची संस्था नाही, नोंदणी नाही, फलक नाही. मोबाइलवर एक ग्रुप आहे आणि कॉलनीच्या कमानीपाशी सहा वाजता हात चोळत उभी राहणारी दहा-पंधरा माणसं आहेत. कंपन्यांतले कामगार, त्यांच्या बायका, कानटोप्या घातलेली पोरं आणि एक निवृत्त बाई, ज्यांनी आयुष्यभर शाळेत शिकवलं. थर्मासमध्ये चहा, डब्यात पोहे, आणि सगळ्यांत मिळून तीन दुर्बिणी. त्यांतल्या एकीतून एकाच डोळ्यानं दिसतं. ती मी स्वतःकडे ठेवतो.

मी कारखान्यात क्वालिटीला आहे. आठ तास दुसऱ्याच्या कामातली खोट काढायची, हेच काम. बायको म्हणते, रविवारीही तुम्ही तेच करता. खोटं नाही. कुणी भडक लाल स्वेटर घालून आलं की माझं डोकं फिरतं. कुणी म्हणालं की लांडोरीला मोराच्या आसवांपासून पिल्लं होतात, की मी तिथंच सगळ्यांना थांबवतो आणि अर्धा तास बोलतो, तोवर समोरची भोरड्यांची झुंड उडून गेलेली असते. ही खोड घरातून आली. आमच्या आजोबांनी धम्म घेतला तेव्हा देव्हारा उतरला, आणि देव्हाऱ्याच्या जागी एक प्रश्न आला: कशावरून? वडील तर जेवताना भाजीलाही विचारायचे. त्यामुळे फेरीला निघताना मी दोन नियम दर वेळी सांगतो. पाखराबद्दल खोटं सांगायचं नाही. आणि घरटं दिसलं, तर कुणालाही सांगायचं नाही, अगदी घरच्यांनासुद्धा. लोक आता माझ्याबरोबर तोंडातल्या तोंडात म्हणतात.

हे दोन्ही नियम मी गेल्या हिवाळ्यात कसे वापरले, ते सांगायचं आहे.

दिवाळी होऊन तीन आठवडे झाले होते. माझ्याच लाइनवर काम करणारा एक मित्र करमाडच्या पुढच्या वस्तीवरून रोज येतो. कॅन्टीनमध्ये तो म्हणाला, आमच्या ओढ्यात एक भलंमोठं घुबड येऊन बसलंय, हलतच नाही, आणि आईनं माझा जीव खाल्लाय. त्याच्या आदल्या हिवाळ्यात त्याचे वडील गेले, त्याच्या आधी आठ दिवस रोज संध्याकाळी घुबड घुमत होतं म्हणे. आता पुन्हा आलं. अमावास्येच्या आत ओढ्यातलं गवत पेटवून दे, असं तिनं त्याला निक्षून सांगितलं होतं. त्याला स्वतःला त्यात काही रस नव्हता, पण विधवा आईशी वाद कोण घालणार.

दुसऱ्या दिवशी तिसरी पाळी संपवून मी तसाच गाडीवर निघालो. शहर ओलांडून शेंद्र्याच्या पुढे जाईपर्यंत बोटं बधिर झाली होती. मित्राच्या रानाच्या कडेनं ओढा जातो, कोरडाच, आणि त्याची एक दरड पुरुषभर उंच, पिवळ्या मातीची. अलीकडच्या काठावर, तरवडाच्या झुडपाआड मी पालथा पडलो आणि एका डोळ्यानं पाहिलं. दरडीत मध्यावर एक कपार होती. तिच्यात मातीच्याच रंगाचं शृंगी घुबड बसलं होतं, कानांवरची पिसं उभी, डोळे अर्धे मिटलेले. ते जरा उठून पाय बदलून पुन्हा बसलं, तेवढ्यात पोटाखाली पांढरं दिसलं. तीन अंडी होती. मी इतका खूश झालो की पालथ्यानंच स्वतःशी हसलो.

मावशी, म्हणजे मित्राची आई, बांधावर कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. मला त्यांनी आधी चहा पाजला आणि मग विचारलं, काढतोस का न्हाय ते तिथून. मी उंदरांपासून सुरू केलं. एक घुबड हिवाळाभर किती उंदीर खातं, तुमची ज्वारी कशी वाचते, सगळं. त्या शांतपणे म्हणाल्या, उंदराला मांजर हाय घरात. मी म्हणालो, घुबडाच्या आवाजानं माणूस मरत नाही. त्या म्हणाल्या, तुझा मेला नव्हता, म्हून म्हणतोस. मित्र खाली बघत होता. त्याच्या शर्टाच्या खिशात काडेपेटी होती, बहुधा विडीसाठीच, पण मला तेवढीच दिसत होती.

अंडी आहेत, हे मी बोललो नाही. नियम तो नियम. वस्तीवर कळलं असतं तर कुणी खाली उतरलं असतं, कुणी मंत्रतंत्रवाल्याला कळवलं असतं, असल्या गोष्टी मी पाहिल्या आहेत. आणि खरं सांगायचं तर आणखी एक कारण होतं, पण ते मला तेव्हा माहीत नव्हतं.

मग मी म्हणालो, "मावशी, तुम्ही लक्ष्मीला मानता ना? घुबड तिचं वाहन आहे. लक्ष्मी दारात आली आणि तुम्ही तिला जाळायला निघालात."

मोबाइलवर चित्रही शोधून दाखवलं. त्यांनी मोबाइल दोन्ही हातांत धरून डोळ्यांजवळ नेला, बराच वेळ पाहिला, आणि मग ओढ्याकडे तोंड करून पदर डोक्यावर घेऊन हात जोडले. पेटवापेटवी तिथंच संपली. मी, ज्याच्या घरात लक्ष्मीचा कॅलेंडरवरचा फोटोसुद्धा नाही, गाडीला किक मारताना शीळ घालत होतो. दहा वर्षांत एवढ्या लवकर माझं म्हणणं कुणाला पटलं नव्हतं.

पुढच्या रविवारी मी फेरी तिकडेच नेली. कपारीपासून लांब, अलीकडच्या काठाला, दोघादोघांनी येऊन पाहायचं आणि मागं सरायचं. इथंही मी एवढंच सांगितलं की घुबड विश्रांती घेतंय. पोरं श्वास रोखून पाहत होती. मावशी हुरडा भाजत होत्या, पहिलाच कोवळा, आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होत्या की ही लक्ष्मीची गाडी आहे. शिक्षिकाबाई माझ्याजवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, तुम्ही तर म्हणता, पाखरू कुणाचं नोकर नसतं. मी म्हणालो, बाई, कधीकधी काम होणं महत्त्वाचं. त्यांनी मान हलवली, पण तळहातावरचा हुरडा फुंकायच्या थांबल्या होत्या. मला त्यांचा राग आला होता, हेही कबूल करतो.

मार्गशीर्ष लागला. त्या महिन्यातल्या गुरुवारी बायका घरोघर महालक्ष्मीचा घट मांडतात, हे मला माहीत नव्हतं असं नाही. पाव आयुष्य शेजारच्या घरांतून तो प्रसाद खाल्ला आहे. पण माझ्या डोक्यात घट एका खणात होता आणि घुबड दुसऱ्या. दोन्ही मीच एकत्र बांधून मावशींच्या हातात दिलं होतं, हे ध्यानात आलं नाही. उंटावरचा शहाणा म्हणतात तो मीच.

पहिल्या गुरुवारनंतर शुक्रवारी कॅन्टीनमध्ये मित्र मोठ्या समाधानानं म्हणाला, काल आईनं ओढ्यात लक्ष्मीची पूजा घातली, वस्तीवरच्या सगळ्या बाया होत्या, लई छान झालं. वडील गेल्यापासून पहिल्यांदा ती नवी साडी नेसली होती. माझ्या हातातला घास तसाच राहिला. मी हाफ डे टाकला आणि निघालो.

कपारीपर्यंत जायला बायांनी दरडीत पावलापुरत्या पायऱ्या खोदल्या होत्या. कपारीच्या तोंडाशी उदबत्त्या खोचलेल्या, विझलेली पणती, वाढवलेल्या नारळाची करवंटी, आणि सबंध कपारीत हिरवा खण अंथरलेला. घुबड नव्हतं. खणावर तीन अंडी होती, बाजूला तांदूळ, आणि प्रत्येक अंड्यावर हळदीचं आणि कुंकवाचं एकेक बोट होतं. बोटं इतकी सारखी आणि इतकी जपून लावलेली होती, की मला रागावता येईना. कुणावर रागावणार? आपलेच दात आणि आपलेच ओठ.

मी खण काढावा की नाही, यातच दहा मिनिटं गेली. काढला तर आणखी एका माणसाचा हात लागेल, न काढला तर मादी त्या हिरव्यावर बसणार नाही. शेवटी काढला, उदबत्त्या उपटल्या, अंडी बोटाच्या पाठीनं टेकून पाहिली. गार होती. वनखात्यातल्या एका ओळखीच्या साहेबांना फोन केला. त्यांनी सांगितलं, आता काही करू नका, लांब बसा, आली तर आली. बरोबरच होतं ते. मीही दुसऱ्याला हेच सांगितलं असतं.

मी लांब बसलो. दिवस मावळताना पलीकडच्या कडुलिंबावर नर घुमला. थोड्या वेळानं मादी आली, लिंबावरच बसली, कपारीकडे तोंड करून. मी एका डोळ्यानं पाहत होतो आणि मनात म्हणत होतो, उतर, बाई, उतर, आता कुणी नाही. कुणाला म्हणत होतो कुणास ठाऊक. आमच्या घरात अशा वेळी म्हणायला काही ठेवलेलंच नाही. ती बराच वेळ बसली. मग उडाली ती रानाच्या उलट्या बाजूला. थंडी हाडांत शिरली होती आणि मला रडायला येत होतं. पन्नाशीच्या माणसानं घुबडासाठी रडावं याचं हसूही येत होतं.

शनिवारी कामावरून सुटून पुन्हा गेलो. ती लिंबावरही नव्हती. ग्रुपवर लिहिलं, उद्याची फेरी रद्द. कारण लिहिलं नाही. शिक्षिकाबाईंनी तेवढा एक फोन केला, मी उचलला नाही.

रविवारी सकाळी एकटाच पोचलो तेव्हा दोनच अंडी उरली होती. तिसऱ्याची टरफलं खाली वाळूत होती, मुंगसाचं काम. एका टरफलाला कुंकू होतं. मी ती गोळा करत असताना वरून मावशींची हाक आली. त्या बांधावर नैवेद्याचं ताट घेऊन उभ्या होत्या. तीन दिवस झाले, लक्ष्मी दिसली नाही, असं त्या म्हणाल्या. मग ताट खाली ठेवून त्यांनी विचारलं, "रुसली व्हय रे ती? आमचं काय चुकलं असंल?"

मला सुटका समोर दिसत होती. येईल परत, म्हणायचं. दुसऱ्या घरी गेली, म्हणायचं. एक खोटं पचलं होतं, दुसरंही पचलं असतं. पण त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मला ते जमलं नाही. मी सगळं सांगून टाकलं. ती लक्ष्मी नव्हती, ती अंड्यांवर बसलेली मादी होती. माणसं जवळ गेली म्हणून ती उडाली, अंडी गारठली, ती आता येणार नाही. आणि लक्ष्मीचं मी सांगितलं ते मी स्वतः मानत नाही, तुम्ही आग लावू नये म्हणून सांगितलं.

मावशी बांधावर बसल्या. वाटलं, शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या माझ्या हातातल्या टरफलांकडे बघत होत्या.

"खाली उतरले अन् अंडी दिसली, तवाच काळजात धस्स झालं माझ्या," त्या म्हणाल्या. "बायांना म्हणले, चला माघारी, ही अंड्यावर बसलीय. तर त्या म्हणल्या, देवीची अंडी हायत, देवीला काय थंडी वाजती? अन् म्या गप बसले. तू शिकलेला माणूस, तू सांगितलेलं."

त्यांनी नैवेद्याचं ताट बाजूला सरकवलं.

"कोंबडी खुडूक बसली की एकवीस दिस मी त्या कोपऱ्यात झाडू मारू देत न्हाय सुनेला. लेकरांना तिकडं फिरकू देत न्हाय. चाळीस वर्सं हेच करतेय. पयल्या दिशीच म्हणला असतास, मावशी, ती अंड्यावर बसलीय, तर अमावास्या असू दे न्हायतर काय असू दे, कुणाची टाप होती त्या ओढ्यात उतरायची? काऊन न्हाय सांगितलंस? मला एवढंबी कळणार न्हाय, असं वाटलं व्हय तुला?"

त्यांनी ते चिडून विचारलं नव्हतं. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. उत्तर 'हो' असं होतं, आणि ते माझ्या तोंडातून निघेना.