चार आणि पाच यांच्यामधला तांबडा पट्टा

इसम नामे रेनॉल्ड थर्कल, वय अंदाजे साठ, राहणार मेल्डनहॅम, परगणा सफोक. धंदा जमीन मोजणे, बिअरच्या पिंपांचे माप घेणे, सावलीची घड्याळे रंगवणे व नाताळच्या सुमारास पंचांगे विकणे. उंची मध्यम, उन्हाकडे पाहून पाहून डावा डोळा बारीक. श्रद्धा बेताची, चर्चमधील हजेरी नियमित. सदर इसमाने चर्चच्या दक्षिण भिंतीवरील घड्याळात चार व पाच या आकड्यांच्या दरम्यान वीतभर रुंदीचा तांबडा पट्टा विनापरवाना ओढला असून त्यावरून कोणतीही वेळ समजत नाही व या गावातील कोणाही माणसास त्याचा काडीचा उपयोग नाही. सबब धर्मकोर्टाने योग्य तो हुकूम करावा. सही, गाइल्स पेक, चर्चचा पंच.

तक्रारीत खोटं असं काही नव्हतं. पेकने फक्त एवढंच लिहिलं नव्हतं, की त्याचे मजूर शेतातून त्या भिंतीकडे डोळे लावून बसत आणि सावली तांबड्यात शिरली की कोयते खाली ठेवत. तांबडा रंग म्हणजे सुट्टी, असा अर्थ त्यांनी परस्पर लावला होता. पाद्रीबाबांना पट्ट्यात कडव्या सुधारकांची खूण दिसत होती आणि गावातल्या सुधारकांना पोपची. एका पट्ट्याने दोन्ही बाजू दुखावणं हे मेल्डनहॅममध्ये त्या दिवसांत अवघड काम होतं. थर्कलने ते नकळत साधलं.

पट्ट्याचं मूळ थॉमसिन. थर्कलची एकुलती मुलगी. मोजणीच्या साखळीचं दुसरं टोक धरत धरत ती मोठी झाली, आणि मग नहेम्या गार्ली नावाच्या विणकराशी तिचं लग्न झालं. नहेम्या हातमागावर चांगला होता आणि देवाच्या बाबतीत कडक होता. महिन्यांची आणि वारांची नावं मूर्तिपूजकांची म्हणून तो ती तोंडातून काढत नसे. बुधवारला तो चौथा दिवस म्हणे आणि, वर्ष तेव्हा मार्चात सुरू होई म्हणून, ऑक्टोबरला आठवा महिना. त्याच्याशी कुठलीही भेट ठरवायची तर बोटं मोजावी लागत. अशा माणसाला पंचांग विकून पोट भरणारा सासरा मिळावा हा देवाचा विनोद असणार. पण देव विनोद करतो हे नहेम्याला मान्य नव्हतं.

मग बिशपचा हुकूम आला, की वेदीभोवती लाकडी कठडा हवा आणि त्याचे गज इतके जवळ हवेत की कुत्रंही आत शिरू नये. मापं थर्कलने घेतली. मापं घेणं हा त्याचा धंदा होता. कठड्यात कुठला धर्म बसतो याचा त्याने विचार केला नाही.

"तुम्ही देवाला कुंपण घातलंत," जावई म्हणाला.

"कुत्र्यांना," थर्कल म्हणाला.

त्या घरातला हा शेवटचा विनोद ठरला. पुढच्या वसंतात नहेम्या, थॉमसिन आणि हातमागाचे सुटे केलेले भाग मॅसॅच्युसेट्सच्या जहाजावर होते. निघताना थर्कलने मुलीच्या हातात आपलं पाव वर्तुळाचं लाकडी यंत्र दिलं. ताऱ्याची उंची त्यावरून मोजायची आणि उंचीवरून वेळ काढायची, हे तिला लहानपणापासून येत होतं. तिने विचारलं, "बाबा, तिकडे सूर्य उशिरा उगवतो म्हणता. किती उशिरा?"

"माहीत नाही," तो म्हणाला. मोजता येण्यासारख्या गोष्टीबद्दल असं उत्तर त्याने तोवर कोणाला दिलं नव्हतं.

खलाशी चार तास सांगत, कोणी साडेपाच, आणि एका छापील पुस्तकात सहा होते. अंतर त्याने सोसलं असतं. अंतर म्हणजे शेवटी साखळ्याच. पण कुणाचं कुरण मोजता मोजता तो मध्येच थांबे आणि आता ती उठली असेल, की चूल पेटवत असेल, की तिथे अजून अंधारच असेल, हे त्याला कळत नसे. साखळीचं दुसरं टोक धरलेला माणूस ओरडे, "थर्कलबाबा, झोप लागली का?"

दुसऱ्या वर्षीच्या पंचांगात त्याला वाट सापडली. ऑक्टोबरात चंद्रग्रहण होतं, शनिवारी, रात्री अकराच्या सुमारास लागणारं. चंद्राच्या कडेला सावली लागते ती सगळ्यांना एकाच क्षणी दिसते. त्या क्षणी इथे किती वाजले हे बापाने पाहायचं, तिथे किती वाजले हे लेकीने, आणि वजाबाकी करायची. त्याने लगेच पत्र लिहिलं. त्यात गणित बरंच होतं. बाकीचं त्याला लिहिता आलं नाही, पण दोघं एका वेळी एकाच चंद्राकडे पाहणार, एवढं गणितातच आलं होतं.

ग्रहण पंचांगात दिलेल्या वेळेला लागलं. त्याच्या धंद्यात ही गोष्ट क्वचितच घडे.

उत्तर यायला पुढचा उन्हाळा उजाडला. मार्जरीला, म्हणजे त्याच्या बायकोला, वाचता येत नव्हतं. त्याने तिला पत्र मोठ्याने वाचून दाखवलं, आणि पहिल्याच ओळींत त्याची चूक त्याला कळली. त्या लोकांचा शब्बाथ, म्हणजे काम न करण्याचा देवाचा दिवस, रविवारी सकाळी लागत नाही. तो शनिवारी सूर्य मावळला की लागतो. बेचाळीस वर्षं पंचांगं विकलेला माणूस एवढं विसरला होता.

"बाबा," थॉमसिनने लिहिलं होतं, "शब्बाथ लागला होता. यंत्राला हात लावणं म्हणजे काम झालं असतं, आणि हे घरातच होते. यंत्र खुंटीवरच राहिलं. पण एवढं सांगते. दिवस मावळल्याबरोबर आम्ही जेवायला बसलो. आधी यांची प्रार्थना झाली, मग जेवण, मग यांनी स्तोत्रं वाचायला घेतली. तिसरं स्तोत्र संपता संपता बाळ रडायला लागलं म्हणून मी त्याला घेऊन बाहेर आले. चंद्राच्या कडेला तेव्हाच सावली लागत होती. बाळाला मी चिमटा काढला नव्हता, असं मी यांना सांगितलं आहे."

मार्जरीने चिमट्याची ओळ तीनदा वाचायला लावली.

तिकडे सूर्य कधी मावळतो हे थर्कलला काढता येत होतं. जहाजवाल्यांना त्या किनाऱ्याचे अक्षांश पाठ होते. प्रश्न तिथून ग्रहण लागेपर्यंतच्या वेळेचा होता. तेव्हा त्याने टेबलावर वाळूचं घड्याळ उलटं केलं, वाटाण्याची दाट पेज आणि पाव घेतला, आणि जेवून झाल्यावर ओळीने तीन स्तोत्रं वाचली.

"अहो, दार लावून घ्या," मार्जरी म्हणाली. "या घरात एका बैठकीला तीन स्तोत्रं. लोकांना वाटेल कोणी गेलं."

जेवण मोजता आलं, स्तोत्रं मोजता आली. नहेम्याची प्रार्थना मोजता येईना. लग्नाच्या दिवशी त्याने जेवणाआधी प्रार्थना सुरू केली तेव्हा बदक वाफाळत होतं, आणि संपवली तेव्हा त्याच्यावरची चरबी पांढरी पडली होती. थर्कलचं म्हणणं, ते लग्न होतं. रोज कोण एवढी लांबवतं.

"तिकडे त्याला थांबवणारं कोण आहे?" मार्जरीने विचारलं.

हा मुद्दा गणितात घेणं भाग होतं. प्रार्थना आखूड धरली तर एक उत्तर येई, लग्नातल्याएवढी धरली तर दुसरं, आणि दोन्हींच्या मध्ये जवळजवळ पाऊण तास राही. त्या वर्षी चर्चच्या घड्याळाचे आकडे नव्याने रंगवायचं काम त्याच्याकडे आलंच होतं. आकडे झाल्यावर त्याने चार आणि पाच यांच्यामध्ये ती दोन उत्तरं दोन रेघांनी आखली, मधली जागा तांबड्याने भरली, घरामागच्या विहिरीवर कुंचला धुतला आणि कोणाला काही सांगितलं नाही.

सावली पट्ट्यात असे, तेव्हा तिकडे दुपारचे बारा वाजत. पट्ट्यात नेमके कुठे, ते माहीत नव्हतं. पण सावली तांबड्याच्या बाहेर पडली की थॉमसिन जेवायला बसलेली आहे, एवढं नक्की. थंडीत सूर्य त्याआधीच मावळे आणि ऐन उन्हाळ्यात तो भिंतीच्या मागे वळे. म्हणजे मुलगी त्याला वसंतात आणि शरदात मिळे. उरलेलं वर्ष तिच्याकडे किती वाजले हे पुन्हा कोणालाच माहीत नसे.

पेकची तक्रार पुढच्या वर्षीच्या शरदात गेली. कोर्ट शेजारच्या बाजारगावी भरलं होतं. कारकून तरुण होता, पंचांगं विकत घेऊन वाचणारा होता, आणि सकाळपासून दारू पिऊन चर्चला आलेल्यांच्या तक्रारी लिहून कंटाळला होता.

"हा पट्टा कुठली वेळ दाखवतो?"

"दुपारचे बारा."

"घड्याळात बारा आधीच आहेत."

"ते इथले."

"आणि हे?"

थर्कलने टोपी या हातातून त्या हातात घेतली. "माझ्या मुलीकडचे," तो म्हणाला.

कारकुनाने लेखणी खाली ठेवली. मग त्याने पट्टा एवढा रुंद का, असं विचारलं. जावई प्रार्थना किती वेळ करतो याची खात्रीलायक माहिती नाही, असं थर्कलने सांगितलं. कारकुनाने लिहिलं: समाधानकारक खुलासा नाही. पण लिहून झाल्यावर तो पुढे वाकला आणि हळूच म्हणाला, की परक्या शहरांचे बारा दाखवणाऱ्या रेघा थोरामोठ्यांच्या बागांतल्या घड्याळांवर असतात, त्यात बेकायदा काही नाही. "पट्टा पुसा. त्याच्या जागी एक बारीक रेघ काढा, अचूक आहे म्हणून सही करून द्या. राहू देतो."

"कुठे काढू?"

"कुठेही काढा, मास्तर. मेल्डनहॅममध्ये तपासणार कोण आहे?"

थर्कलने घरी जाऊन ठरवायला वेळ मागून घेतला. वाटेत त्याने रेघ मनातल्या मनात चारच्या बाजूला काढून पाहिली, मग पाचच्या बाजूला. घरी पोचल्यावर त्याने मार्जरीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, काढून टाका की एक रेघ, मधोमध. नाहीतर तेवढंही जाईल.

"पट्ट्यात ती कुठेतरी आहे," थर्कल म्हणाला. "रेघेवर नसली तर मी रोज तिथे कोणाकडे बघत बसू?"

मार्जरी उठली. तिने चुना भिजत घातला.

सोमवारी थर्कलने शिडी लावली आणि पट्ट्यावर चुन्याचे दोन हात दिले. पेक खाली उभा राहून पाहत होता. मजूर त्या आठवड्यापासून अंधार पडेपर्यंत कापणी करू लागले. कोर्टाच्या दप्तरात नोंद झाली: पट्टा नष्ट, गावातील कोणाचीही हरकत नाही, तक्रार निकाली.

मार्जरी थर्कल अजून रोज चार वाजता बादली घेऊन चर्चच्या आवारातून पाण्याला जाते. विहीर त्यांच्या घरामागेच आहे.