एकविसाव्या पानावरचं टिंब

आईच्या फोटोशेजारी ठेवलेलं ते सर्टिफिकेट खोटं आहे.

खोटेपणा तिचा नाही. माझा आहे.

आज तिची तेरवी झाली. चुलतभावाने सर्टिफिकेट हौसेने लॅमिनेट करून आणलं आणि हाराखाली नीट दिसेल असं ठेवलं. जेवायला आलेला प्रत्येक जण तिथे थांबून वाचत होता. "या वयात दहा पुस्तकं! कमाल बाई होती." मी बुंदी वाढत होते आणि मान हलवत होते.

काकू म्हणाली, "रडून घे वं पमे, मोकळी होशीन."

मी बरं म्हटलं. रडू काही आलं नाही. तेरा दिवसांत आलेलं नाही.

म्हणून इथे माझ्या वॉलवर लिहितेय. ग्रुपमधल्या सगळ्याजणी इथे आहेत, त्यांनाही कळू दे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: गेल्या उन्हाळ्यात आमच्या शाळेच्या मैत्रिणींच्या ग्रुपवर रीडाथॉन होतं. तीस दिवस, दहा पुस्तकं. पुस्तक आधी वाचलेलं नको, ही मुख्य अट. यादी पहिल्याच दिवशी द्यायची, नंतर बदल नाही.

मी सुट्टीत जळगाव जामोदला आईकडे होते. "माझी आई पण भाग घेतेय," असं मी तिला न विचारताच टाकून मोकळी झाले. धडाधड हार्ट आले.

आई ब्लाउज शिवायची आणि मशीन थांबलं की वाचायची. वाचनालयातली कथा-कादंबऱ्यांची दोन कपाटं तिने आयुष्यभरात पालथी घातली होती. कोणतं वाचलं, कोणतं राहिलं हे कळायला तिची एक खूण होती. पुस्तक संपलं की एकविसाव्या पानावर, आकड्याखाली, पेन्सिलने एक बारीक टिंब.

"एकवीसच काऊन?" मी विचारलं होतं.

"पयल्या पानावर तं सारं गाव लिहिते."

खरंच लिहितं. 'बोअर आहे.' 'शेवट आधी वाचू नये.' एकाने तर सरळ फोन नंबर दिलाय.

तर यादी करायला आम्ही दोघी वाचनालयात गेलो. ती पुस्तक काढायची, थेट एकविसावं पान उघडायची, टिंब दिसलं की परत कपाटात. कव्हर बघणं नाही, मागचा मजकूर वाचणं नाही. तासाभरात सात मिळाली. त्यातलं एक शेळीपालनाचं.

"आई, हे काय?"

"वाचेल तं नाही ना? मंग चालते."

तीन कमी पडत होती. ऑनलाइन मागवू म्हटलं तर ऐकेना. "दोन कपाटं समोर असून विकत काऊन?" आणि यादी त्याच संध्याकाळी द्यायची होती.

ती ग्रंथपालबाईंशी त्यांच्या ब्लाउजच्या बाह्यांवरून बोलत उभी राहिली. मी तीन जुन्या कादंबऱ्या काढल्या, टेबलावरचं खोडरबर घेतलं आणि तिन्ही टिंबं पुसली.

दोन मिनिटांचं काम. वाटलं, वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचं कोणाला आठवतंय?

तिच्या आनंदासाठी केलं असं म्हणायला मला आवडलं असतं. पण ग्रुपवर तोंडघशी पडायचं नव्हतं, एवढंच होतं.

तिने तिन्हीतली एकविसावी पानं उघडून पाहिली. "अवं, हे कसे राह्यले?" म्हणाली. खूश झाली.

सात नीट पार पडली. शेळ्यांचंसुद्धा. आठव्याला, भर दुपारी कूलरसमोर वाचता वाचता तिने पुस्तक मिटलं.

"पमे, हे मी वाचेल हाय का वं?"

"टिंब आहे का?"

"नाही ना. तीनदा पाह्यलं." मग म्हणाली, "मंग मले कसं माहीत, का ते मोठी बहीण शेवटी वापस येते अन् दारातूनच निघून जाते?"

मी शेवटची पानं काढून पाहिली. मोठी बहीण परत येते. दारातूनच निघून जाते.

माझी मावशी शेवटी शेवटी पोटच्या मुलाला विचारायची, "तुम्ही कोणाकडचे?" आई तिला भेटून आली की दोन दोन दिवस बोलायची नाही. आपलंही तसंच होणार, ही एकच भीती तिला होती. मला हे माहीत होतं.

"मले काहीतरी होऊन राह्यलं वाटते," आई म्हणाली.

तेव्हा सांगता आलं असतं. एका वाक्याचं काम होतं. तिने फार तर पाठीत धपाटा घातला असता.

मी म्हटलं, "अगं, सगळ्या कादंबऱ्या सारख्याच. तुला अंदाज आला असेल."

"हाव. तसंच असन."

तिने पुस्तक उघडलं आणि पूर्ण केलं. पुढची दोनही केली. त्यांच्याबद्दल काही विचारलं नाही.

सर्टिफिकेट आलं. मी स्टेटस ठेवलं.

त्यानंतर ती गॅस बंद केलाय का, हे दोनदा बघायला लागली. दूध घेतलं की कॅलेंडरवर 'दूध घेतलं' लिहायला लागली. कोणाच्या लग्नात कोण रुसलं यावर जी बाई अख्ख्या खानदानाशी भांडायची, ती म्हणायला लागली, "तुले आठवते तसंच असन. माह्यावर नको जाऊ."

मी फोनवर ऐकत होते. सांगू सांगू म्हणत दहा महिने काढले.

ती गेली हृदयविकाराने, झोपेत. डॉक्टर म्हणाले, काहीच कळलं नसेल. विसरली कोणालाच नाही. आदल्या दिवशी शेजारच्या मुलीच्या ब्लाउजचं माप वही न बघता सांगितलं होतं.

मैत्रिणींनो, रीडाथॉन पूर्ण करणाऱ्यांच्या यादीतून तिचं नाव काढा. सर्टिफिकेट मी आत्ताच फोटोजवळून उचललंय.

श्रद्धांजलीचे शब्द आज माझ्याकडे नाहीत. जे सांगायला हवं होतं, तेवढंच सांगते.

आई, ते पुस्तक तू वाचलेलं होतंस.

तुला बरोबर आठवत होतं.