खडेबाजारातला हिरवा किडा

व्हय, किडं मोजायलाच गेलते बेळगावला. हसा. निपाणीत बी हसलीच समदी. कुंकू पुसल्यावर बाया श्रवणबेळगोळला जात्यात, ही झुरळं बघाय निघाली म्हणं.

माझा धाकटा भाऊ बाळू बेळगावात हायस्कुलात मास्तर. शहरातल्या घरांत कुठल्या जातीचं किडं ऱ्हात्यात, ह्याची यादी त्याला गोऱ्या सायबाला दाखवायची हुती. पटली तर सायेब त्याला पुण्याला शिकाय धाडणार हुता. पण परक्या पुरुषाला चुलीपतोर कोण सोडतंय? म्हणून आक्का. आमी जैन. मी अट घातली, एक बी जीव मारायचा न्हाय. चित्र काढायचं, सोडून द्यायचं. त्यानं माझ्या गळ्याची आण घेतली.

निपाणीहून सकाळची मोटार धरा. मागं बसलं की भाडं कमी, धूळ जास्त. संकेश्वरला मोटार पाणी पिती, तवर शेंगा खाऊन घ्या. आमच्यागत दिस बुडायच्या आत जेवणारं असलासा तर बेळगावात उतरून आधी खानावळ बघा, मग नातेवाईक.

दुसऱ्या दिवशी खडेबाजारात पहिल्याच घरची बाई कावली. सोवळ्यातल्या घरात किडं कसलं इचारता म्हणाली. बाळूचं तोंड एवढंसं झालं. शेजारच्या घरी मी नुसतं म्हटलं, "पलीकडं सात जाती घावल्या. तुमच्यात काय तेवढ्या न्हाईत."

"न्हाईत कशानं? या की आत."

मग काय, गल्लीभर चढाओढ. डाळीचं डबं उघडलं, माठ हलवलं. बाळू चित्रं काढतोय, मी किडं सोडतीया.

तिसऱ्या दिवशी एका परसात, जळणाच्या ढिगात, हिरवाकंच किडा घावला. पाठ घासल्या तांब्यागत चमकत हुती. बाळूनं असला कवा बघितलाच न्हवता. बाटलीत घालून चित्र काढलं, आन बाटली फिरवून फिरवून बघत बसला.

"आक्का, नुसत्या चित्रावर सायेब इस्वास ठेवायचा न्हाय. मेलेला, टाचणीला टोचलेला किडाच लागतोय त्येला."

"मग रं?"

"मग काय. आण घेतलीया. तूच सोड त्येला."

तोंड फिरवून गल्लीच्या टोकाला पाणी प्याय गेला, लई वेळ आलाच न्हाय. आला तवर किडा उताणा. म्हटलं, "आपसूक मेला रं. आता ने." भर परसात माझ्या पाया पडला.

येताना खव्याचा कुंदा आणला, तो दोन दिवसांत संपला. बाळू पुण्याला गेला. अजून चारचौघांत सांगतो, आमच्या आक्कानं एक जीव मारू दिला न्हाय. मी पदर सारखा करती आन दुसरंच काय तरी बोलती.

किडा आपसूक मेला न्हवता. त्याचं पाय हलायचं थांबंस्तवर मी बाटली उन्हात धरून बसलते.