कार्बनबाईंचा डायव्हल्ज

टायपिंग झालं की वापरलेला कार्बन पेपर खिडकीच्या उजेडात धरायचा, त्यावर एखादी ओळ वाचता येते का ते बघायचं आणि लगेच त्याचे आठ तुकडे करायचे, ही आमच्या मुख्य टायपिस्ट बाईंची सवय. म्हणून त्या कार्बनबाई. अंगात फ्रॉक, घर मरोळच्या गावठाणात आणि आमचा कारखाना तिथल्याच औद्योगिक वसाहतीत.

नवीन मुलगी आली की बाई तिला नेमणूकपत्रातला एक इंग्रजी शब्द शिकवत: डायव्हल्ज. कंपनीची माहिती डायव्हल्ज करणार नाही, असं आम्हाला लिहून द्यावं लागे. मी म्हटलं, "म्हणजे सांगणं ना?" बाई उखडल्या. "नुसतं सांगणं नाय गं! तुझ्या डब्यात भेंडी आहे, हे तू सांगितलंस तर तो डायव्हल्ज नाय. माझ्या डब्यात महिनाअखेरीला नुसता पाव असतो, हे बघून बाहेर सांगितलंस तर तो डायव्हल्ज. कळलं?"

कळलं होतं. तरी मी केला.

गिरण्यांचा संप फसल्यानंतरचे दिवस. कामगार म्हणजे केरकचरा, असं साहेबलोकांना वाटू लागलं होतं. मशीन शॉपमधल्या काही माणसांना कामावरून काढायचं, दिवाळीनंतर सरळ गेटवरच अडवायचं ठरलं आणि तशी यादी बाईंकडून टाइप करून घेतली. तेवढ्यात साहेबांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं, कार्बन टेबलावर तसाच राहिला. मी तो उजेडात धरला. तिसरं नाव माझ्या दादाचं होतं. कार्बन घडी घालून मी पर्समध्ये टाकला.

घरी जाऊन मी दादाला सांगितलं, त्याने युनियनला. आठवड्याभरात कंपनीने यादी मागे घेतली आणि मग चोर शोधायला निघाली.

पार्टिशनपलीकडचं सगळं आम्हाला ऐकू येत होतं. "तुम्ही डायव्हल्ज केलंत!" साहेब ओरडले. बाई म्हणाल्या, "कार्बन माझ्या ताब्यात होता. फाडायचा राहिला, ती चूक माझी. पण साहेब, ज्याच्या पोटावर पाय द्यायचा त्यालाच कळू द्यायचं नाय, हे कसलं गुपित? ही चोरी झाली." बावीस वर्षं नोकरी केलेल्या बाईला त्यांनी त्याच दुपारी हाकललं. आणि युनियन? एरवी चहा गार मिळाला तरी घोषणा देणारी ही मंडळी, "बाई ऑफिस स्टाफ, आमच्यात येत नाय," म्हणून हात झटकून मोकळी झाली. आजही आठवलं की माझं डोकं भडकतं.

मी गावठाणात बाईंच्या घरी गेले. "बाई, मी साहेबांना खरं सांगते." त्यांनी मला दारातच थांबवलं. "गप बस. तुकडे मोजले तेव्हाच मला कळलं, एक कार्बन कमी होता, आणि यादीत तुझ्या दादाचं नाव. तू सांगितलंस तर तुझी जाईल, माझी काय परत येणार नाय. जा, कामाला लाग."

मी गेले. खरंच कामाला लागले, याचीच मला जास्त चीड येते.

दादा त्याच कारखान्यातून रिटायर झाला. निरोपाच्या दिवशी युनियनच्या पुढाऱ्याने छाती फुगवून सांगितलं, "ती यादी आम्ही हाणून पाडली!" दादाने माझ्याकडे बघितलं. मग आम्ही दोघांनीही टाळ्या वाजवल्या.